‘शेंबडं पोरही सांगेल’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘स्पष्टवक्ता’ (हे त्यांनी स्वतःच घेतलेलं टोपणनाव आहे, मी ठेवलेलं नाही) यांनी माझ्या ‘शिंका आणि झोप न आणणाऱ्या गोळ्या’ या अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांवरच्या लेखाखाली काल रात्री पावणेबाराला लिहिलं :

‘ताई, नॉन-ड्राउझी म्हणजे काय ते तरी कळतं का? सेटिरिझिनने झोप येते हे शेंबडं पोरही सांगेल. किडनीवाल्यांबद्दल एक अक्षर नाही. नाक चोंदलं असेल तर या गोळ्यांचा फारसा उपयोग नाही, तेही नाही. माँटेलुकास्टचा पत्ता नाही. यापेक्षा दिवाळीच्या फराळाचं लिहा, ते तुम्हाला जमतं.’

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. या ब्लॉगवर मी आठ वर्षं लिहितेय. त्यात फराळाचे लेख असतील चार-पाच. बाकी पतपेढीतली नोकरी, वाचलेली पुस्तकं, सोसायटीची पाण्याची टाकी, काय वाट्टेल ते. हाच लेख एखाद्या बापूसाहेबांनी लिहिला असता तर तुम्ही त्यांना चकल्या तळायला पाठवलं असतं का? नसतं. ‘सर, छान माहिती, एक सुचवू का?’ असं अदबीने लिहिलं असतं. चूक काढण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ‘ताई’ म्हणायचं आणि पुढच्याच शब्दाला अक्कल काढायची, ही कुठली रीत?

आणि शेंबडं पोर! अहो, शेंबूड हाच तर लेखाचा विषय होता. ते पोर मीच आहे. ऑक्टोबर उजाडला की शेजारच्या मोकळ्या प्लॉटवरचं गाजर गवत फुलतं, आणि पुढचे दोन महिने माझ्या हातातला रुमाल सुटत नाही. (हे गवत आपल्या पुण्यातच पहिल्यांदा नजरेस आलं, १९५५च्या सुमारास. असल्या बाबतीत आपण पहिले.)

आता सेटिरिझिन. जुन्या गोळ्या, म्हणजे सर्दीच्या पाकिटात हमखास असणारी क्लोरफेनिरामाइन किंवा आपली अ‍ॅव्हिल, सरळ मेंदूत शिरतात. नव्या पिढीच्या गोळ्यांना मेंदूच्या वेशीवर अडवून बाहेर काढलं जातं. फेक्सोफेनाडिन जवळपास आत जातच नाही. सेटिरिझिन थोडी झिरपते. पण ती नव्या पिढीचीच, आणि मी तिला त्या गटात घातली, एवढाच माझा गुन्हा. चाचण्यांमध्ये १० मिलिग्रॅम घेणाऱ्या मोठ्या माणसांपैकी शंभरात साधारण चौदांना गुंगी जाणवली. आणि तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांतही शंभरात सहा जणांना जाणवलीच. म्हणजे शंभरातल्या शहाऐंशींना काही झालं नाही. तुम्ही त्या चौदांतले असाल, तर वाईट वाटतं. पण त्यावरून अख्खी जात ठरवू नका. (मी स्वतः ती रात्रीच घेते. तो सवयीचा भाग झाला.)

‘कळतं का’ असं विचारलंत म्हणून सांगते, कुठून कळलं. २०११च्या ऑक्टोबरात शिंका थांबेनात म्हणून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून सर्दीच्या दोन गोळ्या घेतल्या. दुकानदाराने पट्टी कात्रीने कापून दिली. नाव, तारीख, इशारा सगळं त्याच्याकडच्या अर्ध्यावर राहिलं. माझ्या हातात आलं ते चांदीच्या कागदावर ‘…ablets’. एक तिथेच पाण्याबरोबर गिळली आणि पाऊण तासाने ऑफिसला निघाले. दांडेकर पुलाच्या सिग्नलला स्कूटर थांबवली, पाय टेकला, एवढं आठवतं. पुढचं आठवतं ते मागचे हॉर्न आणि पोटरीला बसलेला चटका. उभ्या-उभ्या डुलकी लागून मी शेजारच्या बाइकच्या सायलेन्सरवर कलंडले होते. रुपयाएवढा काळा डाग अजून आहे. तेव्हापासून मी पट्टी कापून घेत नाही. सबंध घेते, उलटी करून वाचते, आणि कुठलीही नवी गोळी पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी घरी बसून घेऊन बघते. लेखात हे सगळं होतं. तुम्ही तिथवर वाचलंत का, शंका आहे.

वाचलं असतं तर टर्फेनाडिनही दिसली असती. झोप येत नाही म्हणजे निर्धोक, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. म्हणून तर तिची गोष्ट सांगितली. झोप न आणणारी म्हणून ती जगभर खपली. पण एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक किंवा कीटोकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध, यांच्याबरोबर घेतली की रक्तात साचायची आणि हृदयाचे ठोके बिघडायचे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या बाजारातून गेली. शरीर तिचं जे रूपांतर करतं तेच आजचं फेक्सोफेनाडिन, तो दोष वगळून. फेक्सोफेनाडिन साध्या पाण्याबरोबर घ्यायची, संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतली तर अंगात कमी उतरते. आणि बिलास्टिन ही नव्या पिढीचीच आणखी एक गोळी जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी, हेही लिहिलं होतं. याबद्दल कोणी ‘वा’ म्हटलं नाही. असो.

किडनीचा मुद्दा मान्य. खुल्या मनाने मान्य. किडनी नीट चालत नसेल तर सेटिरिझिन आणि तिची सख्खी बहीण लेव्होसेटिरिझिन शरीरातून लवकर बाहेर पडत नाहीत. किती घ्यायची हे डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. ही ओळ आज सकाळी लेखात घातली. चोंदलेल्या नाकाचं म्हणाल, तर हो, या गोळ्या शिंका, खाज, वाहतं नाक यांच्यासाठी. चोंदण्यावर नाकातला स्टेरॉइडचा स्प्रे बरा. पण लेख स्प्रेवर नव्हता. माँटेलुकास्ट तर अँटिहिस्टामिनच नाही, म्हणजे वरच्या सगळ्या गोळ्यांच्या जातीतलीच नाही! आपल्याकडे ती लेव्होसेटिरिझिनशी एका गोळीत घालून सर्रास देतात आणि मन:स्थिती बिघडण्याबद्दल अमेरिकेत २०२०मध्ये तिच्यावर मोठा इशारा आला, हे मला माहीत आहे. मीही दोन हंगाम ती जोडगोळी घेतली. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि तो कधी लिहायचा ते मी ठरवीन.

लेखाच्या मथळ्यात ‘झोप न आणणाऱ्या’च्या जागी ‘झोप कमी आणणाऱ्या’ केलं आहे. तुमच्यामुळे नाही, दुसऱ्या एका वाचक बाईंनी मेल करून नीट शब्दांत सुचवलं होतं.

फराळाचं म्हणाल, तर चकलीच्या भाजणीचा लेख मागच्या ऑक्टोबरातला आहे, डाव्या बाजूच्या यादीत सापडेल. त्याखाली प्रतिक्रिया बंद आहेत. उडदाच्या डाळीच्या प्रमाणावरून तिथेही एक स्पष्टवक्ते आले होते.