पाच छेद अठरा जरा नंतर शिकवा

नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीला बसलेल्या पाचवीतल्या मुलाकडून पहिल्याच आठवड्यात ‘ताशी किमीचं सेकंदाला मीटर करायचं, पाच छेद अठराने गुणायचं’ हे घोकून घेणं मला अजिबात पटत नाही. संध्याकाळी माझ्याकडे जी मुलं येतात त्यांना सूत्रं तोंडपाठ असतात. त्रिकोण काढून वर अंतर आणि खाली वेग नि वेळ लिहिणं तर झोपेतही जमेल. पण साधं उदाहरण घातलं की पेन्सिल थांबते.

हेच बघा. बस ताशी 40 किमी वेगाने 2 तास 15 मिनिटे धावली, तर किती अंतर गेली? वहीच्या कोपऱ्यात रफ काम होतं: 2.15 गुणिले 40, उत्तर 86. पर्यायांमध्ये 86 बहुतेक वेळा असतंच, कारण पेपर काढणाऱ्याला ही चूक नेमकी माहीत असते. मूल खुशीत गोल रंगवतं आणि पुढच्या प्रश्नावर जातं. सूत्र बरोबर होतं, तासाची साठ मिनिटं मात्र त्याने शंभर धरली. पंधरा मिनिटं म्हणजे पाव तास, पाव तासात बस 10 किमी जाणार, दोन तासांचे 80, झाले 90. एवढंच. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी पाठ असलेल्या जुन्या माणसांना यासाठी कागदसुद्धा लागला नसता. ते पाढे शाळेतून गेले याचं मला खरंच वाईट वाटतं.

पालक म्हणतात, “ताई, समजावत बसायला वेळ कुठे आहे? ट्रिक सांगा.” त्यांची घाई मला कळते. नवोदयला अंकगणिताचे 20 प्रश्न आणि त्यासाठी 30 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. पण समजून सोडवणारं मूल हळू असतं, हे गृहीतच चुकीचं आहे. 250 मीटर लांबीची लोकल ताशी 60 किमी वेगाने खांब ओलांडते, किती सेकंद लागतील? पाठ केलेलं मूल 60 ला 5 ने गुणतं, 18 ने भागतं, 16.66 येतं, मग 250 भागिले 16.66 करताना घामाघूम होतं. ज्याला कळलंय ते म्हणतं, तासाला 60 किमी म्हणजे मिनिटाला एक किमी. 250 मीटर म्हणजे पाव किमी, म्हणून पाव मिनिट. 15 सेकंद! हे उत्तर मुलांनी स्वतः शोधलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. 1000 भागिले 3600 यातून पाच छेद अठरा कसं येतं ते यानंतर दाखवावं, मग ते आयुष्यभर विसरत नाहीत.

पूल आणि बोगद्याच्या गणितात गाडीची आणि पुलाची अशा दोन लांब्या का मिळवायच्या, हे फळ्यावर सांगून कळत नाही. मी अंगणात खडूने दोन रेघा मारते, तो पूल. सात-आठ मुलं एकमेकांचे खांदे धरून उभी राहतात, ती गाडी. पहिला मुलगा पलीकडची रेघ ओलांडून ओरडतो, “झाला पूल!” आणि शेवटची मुलगी आतूनच म्हणते, “मी अजून पुलावरच आहे!” त्यानंतर लांबी मिळवायची का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. बीड शहरात रेल्वे पोहोचली ती 2025 साली. तिथल्या कित्येक पिढ्यांनी गाव न सोडता आगगाडीची गणितं सोडवली. न पाहिलेल्या गोष्टीचं सूत्र पाठ करायला लावण्याआधी तेवढे खडू नि अंगण वापरायला काय हरकत आहे?

सगळ्यात जास्त घोळ सरासरी वेगात होतो. जाताना ताशी 40, तेवढंच अंतर येताना ताशी 60, तर सरासरी किती? दहातली आठ मुलं 50 म्हणतात. अंतर 120 किमी धरा. जायला 3 तास, यायला 2. एकूण 240 किमी, 5 तास, म्हणजे ताशी 48. हळू गाडीत आपण जास्त वेळ बसलो, म्हणून सरासरी तिच्याकडे झुकली. याचं सूत्र गाइडात मिळतं: दोन्ही वेगांच्या गुणाकाराची दुप्पट भागिले बेरीज. पण तेच पाठ केलेल्या मुलाला विचारा, पहिले दोन तास ताशी 40 आणि पुढचे दोन तास ताशी 60, तर? तो इथेही 48 म्हणतो. इथे वेळ सारखा आहे, अंतर नाही. 80 आणि 120 मिळून 200 किमी, 4 तास, उत्तर 50. सूत्र कधी लावायचं नाही, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

मोठ्या मुलांना मी डेक्कन क्वीन देते. पुणे ते मुंबई रेल्वेने 192 किमी, गाडीला तीन तासांहून थोडा जास्त वेळ. सरासरी ताशी साठच्या आसपास. मग विचारते, ही गाडी सतत साठनेच पळते का? बोर घाटात ती हळू उतरते, पुण्याला येताना घाट चढायला कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात, सपाटीवर ती शंभरच्या पुढे जाते. सरासरी म्हणजे काय यावर मुलं तासभर भांडतात, आणि मी भांडू देते.

तेव्हा यंदा ज्यांच्या घरी नवोदय किंवा शिष्यवृत्ती आहे त्यांना कळकळीची विनंती, दिवाळीपर्यंत घड्याळ लावून सराव घेऊ नका. रोज दोनच उदाहरणं द्या, आणि उत्तर तपासण्याआधी मुलाला विचारा, एका मिनिटात गाडी कुठवर गेली? ते त्याला बोटाने दाखवता येईपर्यंत सूत्रांची वही कपाटात राहू द्या.