दहाव्या अक्षरावरून गाडीचं वय सांगू नका

‘चासी नंबरातलं दहावं अक्षर म्हणजे गाडी बनल्याचं वर्ष, अकरावं म्हणजे महिना. जगातल्या कुठल्याही गाडीला लागू. खात्रीसाठी टायरवरचे चार आकडे आणि काच बघा.’ हा मेसेज, सोबत कुठलं अक्षर किंवा आकडा म्हणजे कुठलं वर्ष याचा तक्ता, घरच्या ग्रुपवर आला आणि त्याच्या भरवशावर मामा जुनी गाडी घ्यायला निघालेत. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

‘कुठल्याही गाडीला’ हे सपशेल खोटं. चासी नंबराचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ३७७९, दहाव्या जागी वर्ष घालायची सक्ती करत नाही. युरोपसाठीच्या अनेक मर्सिडीजमध्ये त्या जागी स्टिअरिंगची बाजू असते: डावीकडे असेल तर १, उजवीकडे असेल तर २. मेसेजमधला तक्ता लावलात (त्यात २ म्हणजे २००२) तर उजव्या स्टिअरिंगची अशी प्रत्येक गाडी २००२ ची ठरेल! युरोपातल्या फोर्डमध्ये वर्ष अकराव्या जागी असतं आणि महिना बाराव्या.

अमेरिकेत दहावं अक्षर वर्षाचंच, हे मान्य. पण ते मॉडेलचं वर्ष, म्हणजे कंपनीने त्या मॉडेलला लावलेलं वर्ष. तिथल्या नियमातच (४९ सीएफआर, म्हणजे केंद्रीय नियमावली, भाग ५६५) म्हटलंय की गाडी प्रत्यक्ष कुठल्या वर्षी बनली याचा मॉडेल वर्षाशी संबंध नाही. उत्पादनाचा काळ २४ महिन्यांच्या आत हवा, एवढीच अट. म्हणजे २०२० चं ‘एल’ असलेली गाडी २०१९ च्या ऑगस्टमध्येही बनलेली असू शकते. शिवाय अक्षरं ३० वर्षांनी फिरून येतात. ‘ए’ म्हणजे १९८० किंवा २०१०. अकरावी जागा तिथे कारखान्याची. महिना हवा तर चालकाच्या दाराच्या चौकटीवरचं लेबल वाचा.

टायरवरचं २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा, पण तो टायर बनल्याचा. टायर बदलतात. त्यातल्या त्यात न वापरलेली स्टेपनी कामाची. काचेवर बहुधा वर्षाचा शेवटचाच आकडा असतो. ९ म्हणजे २००९ की २०१९?

तरी सुट्या भागांवर तारीख शोधायची, ही कल्पना बरोबर आहे. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. खाली मुळाशी लेबल असतं, त्यावर तारीख सापडते. बॉनेटखालच्या प्लास्टिकच्या टाक्या आणि झाकणांवर घड्याळासारखी गोल खूण दिसेल: बाण महिन्यावर, मधे वर्ष. मूळ भागांवरची सगळ्यांत उशिराची तारीख धरा. गाडी त्याआधीची असूच शकत नाही, साधारण त्यानंतर लगेचची असते.

एकच सीटबेल्ट बाकीच्यांपेक्षा दोन वर्षांनी नवा निघाला, तर तो बदललेला आहे. अपघातात प्रिटेन्शनर (धडकेच्या क्षणी पट्टा आवळणारा भाग) उडाला की पट्टा बदलावाच लागतो. तेव्हा मामा, विकणाऱ्याला आधी ते विचारा.