गुरूचा ध्रुवीय प्रकाश सूर्य पेटवत नाही

गुरूच्या ध्रुवाभोवती झगमगणारं निळं कडं, म्हणजे तिथला ध्रुवीय प्रकाश (ऑरोरा), दाखवणारा फोटो दर काही महिन्यांनी फिरतो आणि त्याखालचा मजकूरही ठरलेला असतो : ‘सूर्याचे कण गुरूच्या ध्रुवांवर आदळतात. पृथ्वीवर होतं तेच, फक्त चुंबकीय क्षेत्र अवाढव्य असल्यानं जास्त कण पकडले जातात.’ फोटो खरा आहे. मजकुराचं तसं नाही.

‘सूर्याचे कण’ : गुरू सूर्यापासून पृथ्वीच्या ५.२ पट लांब आहे. तिथे पोचेपर्यंत सौर वारा, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर पडणारा विद्युतभारित कणांचा झोत, सुमारे २७ पट विरळ होतो. गुरूचा ध्रुवीय प्रकाश मात्र कधीच विझत नाही. त्याचं इंधन घरचंच आहे. आयो या चंद्रावर ज्वालामुखी धगधगतात (व्हॉएजर-१ मुळे ते १९७९ मध्ये कळलं), आणि तिथून निघालेला गंधक व ऑक्सिजन दर सेकंदाला साधारण एक टन या हिशेबानं गुरूच्या चुंबकीय क्षेत्रात मिसळतो.

आता खरी गंमत. गुरू दहा तासांच्या आतच स्वतःभोवती फिरतो आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र या विद्युतभारित कणांनाही आपल्याबरोबर गरगरा फिरवू पाहतं. कण बाहेर सरकत जातात तसं त्यांना तेवढ्याच वेगात फिरवणं अवघड होतं. गुरूच्या त्रिज्येच्या वीस-तीस पट अंतरावर ते मागे पडू लागतात. त्यांना ओढून घेण्याच्या या खेचाखेचीत चुंबकीय रेषांवरून प्रचंड विद्युतप्रवाह वाहतात. त्या प्रवाहांतले इलेक्ट्रॉन वातावरणात घुसले की हायड्रोजन उजळतो. म्हणजे ऊर्जा सूर्याची नव्हे, गुरूच्या गिरकीची.

हे पटत नसेल तर आयोच्या ‘पाऊलखुणे’कडे पाहा. मुख्य कड्याबाहेर एक ठिपका चमकतो, आणि आयो पुढे सरकला की तोही सरकतो. युरोपा आणि गॅनिमीडचेही असे ठिपके आहेत. सूर्याचे कण चंद्रांचा असा पाठलाग का करतील?

‘जास्त कण पकडले जातात’ : उलट, बलवान क्षेत्र सौर वाऱ्याला बाहेरच्या बाहेर वळवतं. ‘पृथ्वीवर होतं तेच’ हेही ढोबळच. पृथ्वीवरसुद्धा बहुतेक कण सूर्याकडून थेट ध्रुवांवर पडत नाहीत. चुंबकावरणाच्या (ग्रहाच्या चुंबकीय क्षेत्राच्या अमलाखालचा प्रदेश) सूर्याविरुद्ध दिशेला लांबलेल्या शेपटीत साठलेली ऊर्जा मोकळी होते आणि तिथले इलेक्ट्रॉन खाली फेकले जातात.

सूर्याचा काहीच हात नाही असं मात्र मी म्हणणार नाही. सौर वाऱ्याचा दाब वाढला की गुरूचा प्रकाशही वाढतो, आणि शनीवर तर हे जास्त ठळक दिसतं : जानेवारी २००४ मध्ये हबल अवकाश दुर्बिणीनं तिथलं कडं सौर वाऱ्याच्या धक्क्यानंतर उजळताना टिपलं. शिवाय गुरूचं वर सांगितलेलं चित्रही परिपूर्ण नाही. २०१६ पासून गुरूभोवती फिरणाऱ्या जूनो यानाला इलेक्ट्रॉनना खाली ढकलणारे चार लाख व्होल्टपर्यंतचे विद्युतदाब आढळले, पण सर्वांत तेजस्वी प्रकाशामागे एवढीच यंत्रणा नाही. तिथे इलेक्ट्रॉनना वेग देणारी प्रक्रिया कितीतरी विस्कळीत निघाली.

फोटोतला निळा रंगही खोटा, बरं का. हबलनं टिपलेला प्रकाश अतिनील, डोळ्यांना न दिसणारा. निळा नंतर भरलेला.

राहिलं ‘ध्रुवांवर’. हा प्रकाश चुंबकीय ध्रुवांभोवती पडतो, आणि ते ग्रहाच्या फिरण्याच्या ध्रुवांपासून दूरही असू शकतात. नेपच्यूनचा चुंबकीय अक्ष फिरण्याच्या अक्षापासून ४७ अंश कललेला आहे. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीनं तिथला ‘ध्रुवीय’ प्रकाश टिपला, तो ध्रुवांपासून दूर, मधल्या अक्षांशांवर.