‘दोन टक्के लोक देश पोसतात’ हा मेसेज कुठे गंडतो

बजेट जवळ आलं की एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच: देशात जेमतेम दोन टक्के लोक टॅक्स भरतात आणि उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के त्यांच्या जिवावर बसून खातात. फुकटचं रेशन आणि लाडकी बहीण बंद करा, कर्ज फिटेल. प्रामाणिक करदात्याच्या हाती मात्र काहीच पडत नाही. शेवटी ठसक्यात, मताचा हक्क टॅक्स भरणाऱ्यालाच हवा. सोसायटीच्या ग्रुपवर याला धडाधड अंगठे पडतात.

आधी ते दोन टक्के. आकडा खोटा नाही. 2023-24 मध्ये 8 कोटींच्या आसपास लोकांनी रिटर्न भरलं आणि त्यातल्या 4.9 कोटींचं करपात्र उत्पन्न शून्य होतं. राहिले तीन कोटींच्या थोडे वर. एकशे चाळीस कोटींत ते दोन टक्केच भरतात (त्या एकशे चाळीस कोटींत पाळण्यातली बाळंही मोजलीत, ते सोडा). पण हा आकडा प्राप्तिकराचा आहे, सगळ्या करांचा नाही. केंद्राने 2025-26 च्या अर्थसंकल्पात एकूण करवसुली 42.70 लाख कोटी धरली होती, त्यात लोकांचा प्राप्तिकर 14.38 लाख कोटी, म्हणजे साधारण एक तृतीयांश. जीएसटी, अबकारी आणि सीमाशुल्क मिळून 17 लाख कोटींच्या वर जातात. राज्यांचा जीएसटी, पेट्रोलवरचा व्हॅट, मुद्रांक शुल्क यांत धरलेलंच नाही.

तुमच्या दारात पार्सल घेऊन येणारा पोरगा बघा. त्याने 299 चं रिचार्ज मारलं की 18 टक्के जीएसटीचे 45 रुपये त्यातच गेले. 2025 मध्ये मुंबईत पेट्रोल शंभरच्या वर होतं, त्यातले केंद्राचे सुमारे 22 रुपये आणि राज्याचा व्हॅट धरला तर लिटरमागे चाळीसहून जास्त रुपये कराचे. दिवसभर बाईक पळवणं हाच त्याचा धंदा. तो रिटर्न भरत नाही, पण कर भरतो, आणि वर्षाअखेरीस त्याला रिफंड येत नाही.

बागायतदारांचा मुद्दा येतोच. शेतीउत्पन्नाला प्राप्तिकर नाही, आणि त्याच्या आडून दुसराच पैसा शेतीचा म्हणून दाखवणारे आहेत, हे खरं. त्यांना धरा. पण शेतीवर प्राप्तिकर लावायचा अधिकार घटनेने राज्यांना दिलाय, आणि कोरडवाहू दोन एकरवाला कीटकनाशकावर जो जीएसटी भरतो त्याची वजावट त्याला व्यापाऱ्यासारखी मिळत नाही.

करदात्याच्या हाती काहीच पडत नाही? 2025 च्या बजेटमध्ये 12 लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झालं. त्यापायी सुमारे 1 लाख कोटींवर पाणी सोडतोय, असं अर्थमंत्र्यांनीच सभागृहात सांगितलं. 2019 मध्ये कंपन्यांचा कर कमी केला, तेव्हा सरकारी अंदाज वर्षाला 1.45 लाख कोटींचा होता. याला कुणी रेवडी म्हटल्याचं ऐकलंय? आणि रेल्वेच्या तिकिटावर, प्रवासाच्या खर्चातला सरासरी 57 टक्केच भाग वसूल होतो, असं छापलेलं असायचं. एसीतला प्रवासी ते वाचून तिकीट खिशात घालायचा.

मताच्या हक्काबद्दल एवढंच: त्या 12 लाखांच्या सवलतीने आणखी एक कोटी लोक करातून सुटतील, असं सांगितलं गेलं होतं. त्यांची नावं मतदारयादीतून काढायची का? मेसेज पाठवणाऱ्यांपैकी बरेच त्यातच निघतील.

आता कर्ज. 2025-26 च्या बजेटात केंद्राच्या खर्चातल्या रुपयामागे 20 पैसे व्याजाला होते, सगळी प्रमुख अनुदानं मिळून 6 पैसे. रेशनचं अनुदान 2 लाख कोटींच्या आसपास, त्याच वर्षीची वित्तीय तूट, म्हणजे कर्ज काढून भागवायची रक्कम, 15.69 लाख कोटी. उद्या रेशन बंद केलं तरी जुनं कर्ज फिटणं लांबच, 13 लाख कोटींहून जास्त नवं काढावं लागेल.

महाराष्ट्रात मात्र मेसेजवाल्याला थोडं झुकतं माप द्यायला हवं. 2025-26 मध्ये लाडक्या बहिणीसाठी 36,000 कोटी ठेवले आणि महसुली तूट, म्हणजे नेहमीच्या खर्चाला उत्पन्न कमी पडतं ती रक्कम, निघाली 45,891 कोटी. सात लाख कोटींच्या बजेटात 36,000 म्हणजे पाच टक्के, पण वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याजातच महसुलाचा निम्म्याहून जास्त भाग जात असताना हे पाच टक्के जड जातात. योजना जुलै 2024 मध्ये आली, नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक. पैसा कुठून आणणार, हे तेव्हा कुणी धड सांगितलं नाही. माझी तक्रार बायकांना पैसे मिळण्याबद्दल नाही, ती इथे आहे.

कारण हेच राज्य एकेकाळी वेगळं वागलं होतं. 1972 च्या दुष्काळानंतर विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमी, म्हणजे खेड्यात मागेल त्याला काम देणारी योजना, उभी राहिली, तेव्हा तिच्यासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर लावला. तुमच्या पगारपत्रकावर दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये ‘पीटी’ म्हणून कापले जातात, तो हाच. शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी पैसे द्यायचे, असा उघड व्यवहार होता.

यावेळी तसं कुणी बोललं नाही. जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने दारूवरचं शुल्क वाढवलं, वर्षाला 14,000 कोटी जादा मिळतील या हिशेबाने. देशीही महागली, आणि ती पिणारे बहुतेक मेसेजमधल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांतलेच. नवऱ्याच्या क्वार्टरवर वाढलेला कर आणि बायकोच्या खात्यात आलेले पंधराशे, एकाच घरात.