झिका आणि फुटबॉलचा विश्वचषक: खुलासा

‘2014 च्या विश्वचषकाला आलेल्या प्रेक्षकांनी ब्राझीलमध्ये झिका आणला’ असा मजकूर फिरतो आहे. झिका हा डासांमधून पसरणारा विषाणू. तारखा जुळत नाहीत. सामने 12 जूनला सुरू झाले. विषाणूच्या जीनोमवरून (संपूर्ण जनुकीय मजकुरावरून) काढलेला आगमनाचा अंदाज मात्र 2013 ची अखेर ते 2014 ची सुरुवात असा येतो. ब्राझीलमधले नमुने आशियाई वंशावळीचे, 2013 च्या फ्रेंच पॉलिनेशियातल्या (प्रशांत महासागरातली बेटं) साथीला सर्वांत जवळचे. आणि फ्रेंच पॉलिनेशियाचा संघ स्पर्धेत नव्हताच!

तारीख काढतात कशी? झिकाचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय रेणू, सुमारे 10,800 अक्षरांचा. दर जागी वर्षाला साधारण हजारात एक बदल, म्हणजे वर्षाकाठी दहा-बारा. नमुन्यांतले फरक मोजून सामायिक पूर्वजापर्यंत मागे जायचं.

खरी अडचण नमुन्याची. रक्तात झिका फार थोडा असतो, म्हणून सुमारे 400 अक्षरांचे 35 तुकडे पीसीआरने (प्रती काढण्याच्या पद्धतीने) वाढवतात. शेजारचे तुकडे एकमेकांवर चढतात. सगळे प्रायमर (प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारे छोटे तुकडे) एकाच नळीत घातले तर एकमेकांवर चढलेला मधला आखूड तुकडाच भरमसाट वाढतो. म्हणून सम आणि विषम तुकड्यांच्या नळ्या वेगळ्या. सीटी (विषाणू दिसायला लागणारी पीसीआरची आवर्तनं; जितकी जास्त, तितका विषाणू कमी) 35 च्या पुढे गेला की जीनोममध्ये भोकं पडतात. सोबत कोरा (विषाणू नसलेला) नमुना चालवला नाही, तर प्रयोगशाळेतलंच प्रदूषण ‘नवा विषाणू’ वाटू शकतं.

एक मर्यादा मात्र आहे. निघालेली तारीख पूर्वजाची. तो पूर्वज ब्राझीलबाहेरचा असेल, तर आगमन थोडं नंतरचंही असू शकतं. प्रवासी कोण, हे जीनोम सांगत नाही.