दीडशहाण्याची लेन्स

अप्पांनी त्यांची लेन्स पाच मिनिटांत निवडली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी त्यांना दोन प्रकार समजावून सांगितले. एक साधी, एकाच अंतरावरचं स्वच्छ दाखवणारी. दुसरी लांबचं आणि जवळचं दोन्ही सांभाळून घेणारी. पण तिच्यात काहींना रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात, हेही त्यांनी सांगून टाकलं. अप्पा म्हणाले, "लांबचं दिसू दे. जवळच्याला चष्मा आहेच की." सही केली आणि मोकळे झाले.

सहा मिलिमीटरची ती काच अप्पा आता जन्मभर डोळ्यात घालून हिंडणार. ती काढून ठेवता येत नाही, परत करता येत नाही, आणि 'क्वचित वापरलेली, एकही ओरखडा नाही' अशी जाहिरात देऊन विकताही येत नाही. मी जी लेन्स घ्यायची म्हणतोय तिच्या बाबतीत हे सगळं करता येतं. तरी आठ महिने झाले, माझं ठरत नाहीये.

माझ्याकडे रोल घालायचा एक जुना रेंजफाइंडर कॅमेरा आहे. या जातीच्या कॅमेऱ्यात लेन्समधून बघायचं नसतं. वरच्या अंगाला एक वेगळी खिडकी असते, तिच्यातून बघायचं. खिडकीच्या मधोमध एक फिकट चौकोन असतो आणि त्या चौकोनात समोरचा माणूस दोनदा दिसतो. लेन्सची रिंग फिरवली की त्यातला एक सरकत सरकत दुसऱ्याच्या अंगावर जातो. दोघांचा एक झाला की फोकस झाला. एक अप्पा सांभाळताना आमच्या नाकी नऊ येतात. मी रोज संध्याकाळी दोन अप्पांचा एक करत बसलेला असतो.

कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची (हा आकडा फोकल लेंग्थचा, उंचीचा नव्हे), एफ २ ची लेन्स आहे. बुटकी, हलकी, खिडकीच्या वाटेत न येणारी. उत्तम आहे. हे शेवटचं वाक्य मी आठ महिने विसरायचा प्रयत्न करतोय, कारण मला फास्ट लेन्स हवी आहे. फास्ट म्हणजे ती पळत नाही. तिचं भोक मोठं असतं, उजेड जास्त आत येतो आणि त्यामुळे शटर लवकर मिटवता येतं. एफचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. आकडा कमी होत गेला की किंमत, वजन आणि मालकाचा ताठा, तिन्ही वाढत जातात.

लायकाची नॉक्टिलक्स ०.९५ पर्यंत पोचलेली आहे. तिचा विचार मी फक्त झोपेत करतो. जागेपणी परवडणाऱ्यांकडे बघायचं (परवडणाऱ्या म्हणजे लायकाच्या मानाने परवडणाऱ्या, हे ओघाने आलंच), तर गंमत अशी की बऱ्याच जणींचा आकडा एकच. फोग्टलेंडरची नॉक्टन : दीड. झाइसची सी-सोनार : दीड. सोव्हिएत बनावटीची ज्युपिटर-३ : तीही दीड. मराठीत दीड हा आकडा कोणत्या शब्दाच्या आधी लागतो हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. देवाने मला दोनच दिलं होतं. मला दीड हवं होतं.

दोनवरून दीडवर गेलं की उजेड किती वाढतो, याचं गणित मी पाकिटाच्या मागे केलं. पावणेदोनपट. 'पावणेदोनपट' म्हटलं की छाती फुगते. मग लक्षात आलं की एवढा फायदा मला जवळजवळ फुकटात मिळतोच आहे : ४०० चा रोल (हा आकडा फिल्मला उजेड किती चटकन जाणवतो त्याचा) ८०० चा समजून वापरायचा आणि धुताना डेव्हलपरमध्ये थोडा जास्त वेळ ठेवायचा. दाणे जरा जाड येतात, सावल्या जरा काळवंडतात, एवढंच. त्या उलट दिवसा दीडचं करायचं काय? लख्ख उन्हात ४०० च्या रोलला १/५०० सेकंदाच्या शटरवर एफ १६ लागतं. माझं शटर १/१००० च्या पुढे जात नाही. म्हणजे एफ ११. तिथे हट्टाने दीड वापरायचाच तर लेन्सवर काळा फिल्टर लावावा लागतो. उजेड यावा म्हणून एकदा पैसे मोजायचे, आणि तो येऊ नये म्हणून पुन्हा.

हे सगळं कळूनही मन मानेना, तेव्हा मी स्वतःचीच चौकशी लावली. कुठल्या फ्रेमला काय शटर, काय अॅपर्चर (म्हणजे तेच भोक), हे मी एका वहीत टिपून ठेवतो. फोटो कसे का येईनात, वही देखणी आहे. वर्षभरात २२ रोल, म्हणजे ७९२ फ्रेम. त्यातल्या एफ २ ला पूर्ण उघडून काढलेल्या किती? १९. मी चष्मा पुसून पुन्हा मोजल्या. १९. मग निगेटिव्ह काढून भिंगाखाली एकेक तपासली. ६ हललेल्या. ७ फोकस चुकलेल्या. ४ फ्रेम पुस्तकांच्या कपाटाच्या, लेन्स शार्प आहे का बघायला काढलेल्या. उरल्या २. त्यातल्या एकीत अप्पा चक्क हसतायत, दुसरीत मी कोणाचा फोटो काढला ते मलाच सांगता येत नाही, पण आहे शार्प.

आता, हललेल्या सहांपैकी दोन-तीन दीडने वाचल्या असत्या. पण चुकलेल्या सातांचं काय? दोनलाच ज्याला फोकस जमत नाही, त्याने दीड मागणं म्हणजे नाचता येईना म्हणून आणखी अरुंद अंगण विकत घेणं.

अंगण किती अरुंद, तेही मी काढलं. एक मीटरवरून ५० मिलिमीटरच्या लेन्सला दोनवर साधारण साडेचार सेंटीमीटर इतकाच पट्टा स्पष्ट येतो. दीडवर साडेतीन. कागदावर साडेतीन सेंटीमीटर म्हणजे नेमकं काय ते समजेना, म्हणून कंपासपेटीतली पट्टी घेऊन अप्पांकडे गेलो. ते आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. मी पट्टी हळूच त्यांच्या गालाशी धरली.

"काय करतोयस?" डोळे न उघडता अप्पा.

"नाक मोजतोय."

"कशाला?"

"शेंड्यापासून डोळ्यापर्यंत किती भरतं ते बघतोय."

"मग? भरलं का?"

"साडेतीन."

"वडलांचं नाक होतं आमच्या," अप्पा म्हणाले, "माझं काहीच नाही."

म्हणजे साडेतीनचा अख्खा पट्टा अप्पांच्या नाकावरच खर्च होणार. तोही नीट नाही, कारण डोळ्यावर फोकस केला की त्यातला निम्मा पट्टा डोळ्याच्या मागे, अप्पांच्या डोक्यात वाया जातो. रिंग फिरवून मी श्वास घेतला आणि तेवढ्यात अप्पा दोन सेंटीमीटर पुढे झुकले, की कान स्पष्ट. अप्पा स्थिर बसत नाहीत. कॅननने १९६१ साली ०.९५ ची लेन्स काढली तेव्हा ती माणसाच्या डोळ्यापेक्षा चौपट उजेड घेते अशी जाहिरात केली होती. अंधाराला सरावलेला तरुण डोळा साधारण एफ २ च्या आसपासच असतो. माझ्या दोनने मला काय कमी केलंय, असा प्रश्न त्या रात्री पहिल्यांदा पडला.

पण प्रश्न पडून उपयोग नसतो, कारण मला एक मित्र आहे. त्याच्याकडे अकरा लेन्स आहेत. फोटो बहुधा नाहीत, निदान मी पाहिलेले नाहीत. त्याच्याकडे दीड या विषयावर बसलो की दिवस जातो. सोनार म्हणजे लुडविग बर्टेलेची करामत, १९३० च्या दशकातली : सात काचा, पण तीनच गटांत चिकटवलेल्या. काचांवर चकाकी मारणारं कोटिंग नसण्याच्या काळात हवेला भिडणारे पृष्ठभाग कमी ठेवले, म्हणून आत उजेड इकडेतिकडे सांडत नाही. हे ऐकताना माझा हात खिशाकडे गेलेला असतो. मग तोच सांगतो की सोनारचा फोकस सरकतो. दीडला डोळ्यावर बसवलेला फोकस, भोक लहान केलं की हळूच मागे कानाकडे निघतो आणि खिडकीतल्या चौकोनाला याचा पत्ता नसतो. तिथे दोन्ही अप्पा एक झालेले, बाहेर लेन्सचं भलतंच चाललेलं.

"मग ज्युपिटर?" मी.

"ती सोनारचीच सोव्हिएत बहीण. फक्त तिच्यावर ५० लिहिलंय आणि लायकावाल्यांच्या लेन्सवरही ५० लिहिलंय, पण लायकाचा हिशोब ५१.६ मिलिमीटरचा आणि तिचा ५२.४ चा. लांबचं बरोबर येतं. जवळून दीडला उघडलीस की चुकते."

"किती चुकते?"

"एक नाक," त्याने क्षणभर विचार करून सांगितलं.

काही नव्या स्वस्त लेन्सच्या खोक्यात म्हणे एक तक्ता आणि छोटा स्क्रू-ड्रायव्हर येतो. लेन्स आपल्या कॅमेऱ्याशी आपणच जुळवून घ्यायची. मला हे प्रामाणिक वाटलं. पण ज्याच्या हातून घरातलं घड्याळ एकदा उघडल्यावर परत बंद झालं नाही, त्याने या मोहात पडू नये.

"आणि बोके?" मित्र म्हणाला. "बोके बघ हिचे!"

पार्श्वभूमी धूसर होते, तिच्या धूसरपणाला जपानीतून आलेला हा शब्द आहे. मित्राच्या मते बोके मऊ असावेत, त्यांना कडा नसाव्यात, आणि कोपऱ्यातले बोके डोळ्यांसारखे लांबट होत असतील तर उत्तमच. हे संभाषण फोनच्या स्पीकरवर झालं तेव्हा अप्पा शेजारीच होते. पुढचे दोन दिवस ते रात्री झोपण्यापूर्वी खिडक्या लावून घेत होते.

शेवटी मित्राने त्याची एक दीड मला शनिवार-रविवारसाठी दिली. "वाइड ओपन वापर," एवढंच बजावलं. कॅमेऱ्यावर चढवली आणि पहिला साक्षात्कार झाला : खिडकीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात लेन्स आणि तिचं हुड ठाण मांडून बसलं. त्या कोपऱ्यात जगात काय चाललंय ते आता फक्त फिल्म धुतल्यावर कळणार. पायपुसणं, बादली, कोणाचे तरी पाय, असं बरंच काही त्या दोन दिवसांत माझ्या नकळत माझ्या फोटोंत येऊन गेलं.

शनिवारी संध्याकाळी अप्पा टेबललॅम्पजवळ पेपर वाचत होते. याच क्षणासाठी तर आठ महिने घातले होते. मीटरला डोळा लावला. मीटर म्हणालं, उजेड कमी आहे. मी मनात म्हटलं, ठाऊक आहे बाबा, म्हणून तर दीड आणली. १/३० केलं. अजून कमी. १/१५. अजूनही कमी. किती हा अंधार, आणि किती योग्य वेळी आपण ही लेन्स आणली, या आनंदात श्वास रोखून, कोपर छातीशी घट्ट धरून, १/८ वर अकरा फ्रेम घेतल्या. अप्पा पेपर खाली ठेवून शांतपणे बघत होते.

"ते पुढचं झाकण काढायचं असतं ना रे?" ते म्हणाले.

लेन्समधून बघायचं नसल्याचा हा एक फायदा. झाकण असलं तरी खिडकीतून जग सुंदरच दिसतं. मीटर मात्र लेन्समधूनच बघतं. झाकण काढल्यावर ते एकदम खूश झालं, पण अप्पांना तोवर झोप आली होती.

रोल धुतला. अकरा फ्रेम काचेसारख्या स्वच्छ. बाकीच्यांत सहा बऱ्या, आणि एक, खरं सांगतो, अशी की मी ती दिव्यासमोर धरून बराच वेळ उभा राहिलो. अप्पा खिडकीशी. डोळा स्पष्ट, त्यात आलेली दिव्याची ठिणगी स्पष्ट, आणि नाकापासूनच सगळं हळूहळू विरघळत गेलेलं. मागच्या दिव्याभोवती मऊ वलय.

"हाच तो ग्लो," सोमवारी लेन्स परत घेताना मित्र म्हणाला. "याला कॅरेक्टर म्हणतात. याच्यासाठी लोक जादा पैसे मोजतात."

"वलयाला?" अप्पांनी विचारलं. फोटो त्यांच्या हातात होता. "डॉक्टर तर म्हणाले की तो दोष आहे."

मित्राने त्यांना समजावलं. तासभर समजावलं. अप्पांनी मध्ये मध्ये प्रश्नही विचारले, आणि मला तेव्हाच काळजी वाटायला हवी होती.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या डोळ्याची वेळ आली. डॉक्टर घाईत होते. फॉर्म पुढे सरकवत म्हणाले, "तीच लेन्स ना, मागच्यासारखी?"

"थांबा," अप्पा म्हणाले. खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर त्यांच्या अक्षरात सात प्रश्न होते. "आधी हे सांगा, ही फास्ट आहे का?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

"नाही म्हणजे, पूर्ण उघडल्यावर कडा मऊ पडतात का? आणि ती वलयंवाली तुम्ही म्हणाला होतात, तिच्यात कॅरेक्टर कसं आहे? मला विचाराला थोडे दिवस लागतील."

असा प्रसंग पुन्हा यायचा नाही म्हणून मी कॅमेरा डोळ्याला लावला. या वेळी झाकण आधी काढलं. खिडकीत डावीकडे अप्पा, उजवीकडे डॉक्टर, मधल्या चौकोनात दोन दोन अप्पा. त्यांचा एक केला. डॉक्टरांनी तो फॉर्म पुन्हा पुढे केला असावा. असावा म्हणतोय, कारण खालचा उजवा कोपरा मला दिसत नव्हता. तिथे लेन्स होती.