कळ थांबली म्हणजे खडा पडला असं नसते
या हप्त्यात आमच्याच गल्लीत दोघांना मुतखड्याची कळ आली. नागपूरचा मे महिना, घाम इतका जाते की लघवी पिवळीजर्द होते अन् घट्ट लघवीत खडे धरतात, त्यामुळे नवल काही नाही. पण दोघांनाही लोकांनी जो सल्ला दिला तो ऐकून राहवलं नाही, म्हणे पानफुटीचा रस घे, कुळथाचं पाणी पी, कळ थांबली की समज पडला.

माझ्या मोठ्या भाऊजींचं असंच झालं. इतवारीत दुकानात उभ्या उभ्या डाव्या कुशीतून जांघेपर्यंत अशी कळ आली की माणूस खालीच बसला. सोनोग्राफीत 8 एमएमचा खडा, किडनीतून मूत्राशयात जाणाऱ्या नळीत अडकलेला. ही नळी जेमतेम 3-4 एमएम रुंद असते हो! 5 एमएमच्या आतले खडे बहुतेक आपोआप निघतात, 8 चा भरवसा नसते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दोन हप्त्यांनी दाखवा म्हटलं. सहाव्या दिवशी दुखणं गायब, ताई टेकडीच्या गणपतीला जाऊन आली, अन् परत दाखवायला कोणी गेलंच नाही.

दहा महिन्यांनी दुसऱ्याच कारणानं सोनोग्राफी केली तर खडा तिथंच. किडनी पाण्यानं फुगलेली, स्कॅनमध्ये डाव्या किडनीचं काम फक्त 9 टक्के. किडनी कशी चालते ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन मात्र नॉर्मल, कारण उजवी दोघींचं काम ओढून राहिली होती, म्हणून रक्ताच्या तपासणीतही काही कळलं नसतं.

दुखणं काहून थांबलं ते नंतर समजलं. रस्ता बंद झाला की लघवी मागं तुंबते, किडनीवर ताण येते, ती कळ. मग किडनी हळूहळू लघवी बनवणंच कमी करते, दाब उतरते, कळही जाते. आपण खुश अन् ती आत मरून राहिली असते, रस्ता पूर्ण बंद असला तर काही आठवड्यांतच कायमचं नुकसान होते. अन् खड्यासोबत थंडी वाजून ताप आला तर रात्रीच्या रात्री हॉस्पिटल गाठा, तुंबलेल्या लघवीत इन्फेक्शन झालं की ते रक्तात पसरून जीव जाऊ शकते, तिथं आधी नळी टाकून लघवी मोकळी करतात, खडा नंतर. (ती आत टाकलेली डीजे स्टेंट वेळेवर काढून घ्या, लोक विसरतात, तिच्यावरही खडे चढतात.)

माझा राग एकाच गोष्टीचा आहे. भाऊजींच्या कागदावर इंग्रजीत बारीक अक्षरात ‘रिव्ह्यू’ लिहिलेलं होतं. दुखणं थांबलं तरी या, नाहीतर किडनी जाईल, एवढं एक वाक्य मराठीत तोंडानं सांगायला किती वेळ लागते?

गल्लीतल्या पोराची कळ काल थांबली. त्याची आई म्हणे आता कशाला पैसे घालवायचे. तासभर बसलो तिच्याजवळ, भाऊजींचा रिपोर्ट दाखवला. शुक्रवारी सकाळी सोनोग्राफी आहे, मीच गाडीवर घेऊन जातो त्याला.